मदत हवी आहे: लायसिनवरचे ११४ डाल्टन युबिक्विटिनचे की आयोडोअ‍ॅसिटामाइडचे?

नमस्कार मंडळी,

दोन आठवडे एकाच जागी अडकले आहे. पेशींमधली प्रथिनं ८ मोलर युरियात विरघळवते, डीटीटी या रसायनाने डायसल्फाइड बंध (सिस्टीन या अमिनो आम्लांमधले जोड) तोडते, आयोडोअ‍ॅसिटामाइडने सिस्टीन झाकते (अल्किलेशन), मग ट्रिप्सिनने प्रथिनांचे तुकडे (पेप्टाइड) करते आणि मास स्पेकवर त्यांचं वस्तुमान मोजते. सिस्टीनवर ५७.०२ डाल्टनची (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) भर दिसते, ती ठीक. पण लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लावरही बऱ्याच ठिकाणी ११४.०४ ची भर येते आहे. युबिक्विटिन (पेशी इतर प्रथिनांवर खूण म्हणून जोडते ते छोटं प्रथिन) लागलेल्या लायसिनवर ट्रिप्सिननंतर दोन ग्लायसिन उरतात, त्यांची भरही तेवढीच. पहिल्या दिवशी खूप आनंद झाला. रात्री सहज बेरीज केली: ५७.०२ दोनदा म्हणजे ११४.०४, म्हणजे एकाच लायसिनवर आयोडोअ‍ॅसिटामाइड दोनदा बसलं तरी तेवढीच भर. तेव्हापासून झोप नाही.

आधीच्या वेळी सिस्टीन नीट झाकले गेले नव्हते, म्हणून यंदा आयोडोअ‍ॅसिटामाइड ५५ मिलिमोलर घेऊन ३७ अंशांवर तासभर ठेवलं. बाटलीतली पांढरी पूड कडेला पिवळसर दिसत होती, तरी वापरली. या डेटातून काही वाचेल का?

उत्तर १
दोन्ही भरींचं रेणुसूत्र एकच आहे, त्यामुळे कितीही अचूक वस्तुमान मोजलंत तरी फरक कळणार नाही. हा घोळ २००८ साली नेचर मेथड्समध्ये छापून आला आहे. लायसिनवर आणि पेप्टाइडच्या एन-टोकावर (सुरुवातीच्या टोकावर) सुटी ५७ ची भर शोधा. ती भरपूर असेल तर रिएजंट सिस्टीन सोडून अमाइन गटांवरही (लायसिन आणि एन-टोकावर असतात ते) गेलंय. तेच सॅम्पल आयोडोअ‍ॅसिटामाइडऐवजी क्लोरोअ‍ॅसिटामाइडने पुन्हा करा. ११४ गायब झाले तर ते युबिक्विटिन नव्हतं.

उत्तर २
पिवळेपणा म्हणजे सुटलेलं आयोडीन, ती बाटली टाकून द्या. द्रावण दर वेळी ताजं, पीएच ८ च्या आसपास, अंधारात, खोलीच्या तापमानाला अर्धा तास. मग थोडं जास्तीचं डीटीटी घालून उरलेलं रिएजंट संपवा, हे बरेच जण विसरतात. आणि युरियातलं सॅम्पल गरम करू नका, कार्बामिलेशनचे (युरियातून तयार झालेला गट प्रथिनांना चिकटण्याचे) ४३ डाल्टन वर चढतात.

मूळ प्रश्नकर्ती
जुनी फाइल पुन्हा शोधली. एन-टोकावर ५७ ची भर सगळीकडे आहे. म्हणजे त्या ११४ वर आता विसंबता येणार नाही. डीटीटी मी शेवटी घालतच नव्हते. आज क्लोरोअ‍ॅसिटामाइडने सॅम्पल लावलंय, सोबत अल्किलेशन न केलेलं एक कंट्रोलही. स्पेक्ट्रा आले की इथेच टाकते, कृपया नजर टाका.