पावसाळ्यात लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या कशा ठेवायच्या?

प्रश्न: आता सप्टेंबरपर्यंत रिमोटचं विमान उडवणं बंदच, माझ्याकडे ३एस (म्हणजे तीन सेलच्या) २२०० एमएएचच्या चार लायपो आहेत, सगळ्या फुल चार्ज. तशाच कपाटात ठेवल्या तर चालतील का? घरात लहान मुलगी आहे म्हणून जरा काळजी वाटते.

उत्तर १: फुल अजिबात ठेवू नका! सेलमागे ४.२ व्होल्टवर पडून राहिली की सेल लवकर म्हातारा होतो, गॅस धरून फुगतो. चार्जरला स्टोरेज मोड असतो तो लावा, प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ म्हणजे ३एस पॅक साधारण ११.४-११.५ व्होल्टवर येईल. आणि पूर्ण रिकामीही नको, सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी बहुतेक कामातूनच गेली.

उत्तर २: विमानातून काढूनच ठेवा हं, जोडलेली राहिली तर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) थोडा थोडा करंट खात राहतो. कपड्यांच्या कपाटात तर नकोच, थंड कोरड्या जागी, मुलीचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

उत्तर ३: महिन्यातून एकदा व्होल्टेज बघा. फुगलेली असेल तर परत चार्ज करू नका, कचऱ्यातही नको, ई-कचरावाल्याकडेच द्या.