मदत हवी आहे: ओव्हरीचा कॅन्सर की पोटाच्या आवरणाचा? दोन रिपोर्ट, दोन निदानं

सावली७:
नमस्कार. आईबद्दल विचारायचंय, वय ६१. तीन महिने पोट फुगत होतं. आधी गॅस म्हणून सोडून दिलं, मग वयामुळे असेल म्हणून. वजन मात्र उतरत होतं. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. ते काढून तपासलं तर 'ॲटिपिकल पेशी, खात्रीने सांगता येत नाही'. टीबीची शंका होती, पण एडीए (पाण्यातली टीबीसाठीची चाचणी) कमी आलं. सीए-१२५ (रक्तातला एक मार्कर) आलं ७१०, म्हणजे खूप वाढलेलं. सीटीत ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) जाड, आवरणावर ठिकठिकाणी गाठी, पण दोन्ही ओव्हरी नेहमीच्या आकाराच्या.

ओमेंटमची सुईने बायॉप्सी झाली. पहिला रिपोर्ट: पसरलेला ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कॅन्सर), बहुधा ओव्हरीचा. मामेभावाने हट्ट धरला म्हणून स्लाइड्स दुसरीकडे दाखवल्या, तर तिथे लिहिलं, 'मीसोथेलिओमा नाकारता येत नाही, आयएचसी करावी'. म्हणजे पोटाच्या आवरणाचा कॅन्सर असू शकतो, आणि त्याच तुकड्यावर आणखी एक तपासणी हवी. आमचे डॉक्टर म्हणतात, सीए-१२५ एवढं आहे म्हणजे ओव्हरीच, सोमवारी केमो सुरू करू.

आठवडाभर थांबलं तर नुकसान होईल का? केमो द्यायचीच आहे, तर नाव कळून काय फरक पडतो? आणि मीसोथेलिओमा ॲस्बेस्टॉसमुळे होतो म्हणतात. आईने तर आयुष्यभर शाळेत शिकवलं. (तिला अजून 'पाणी झालंय' एवढंच माहीत आहे. तिची मैत्रीण इथे वाचते, म्हणून नाव-गाव लिहीत नाही.)

जुनी काचपट्टी:
मी हिस्टोपॅथॉलॉजीत तीस वर्षं काढली. स्लाइड न बघता निदान सांगणार नाही, पण सीए-१२५ वरून ओव्हरी ठरवणं चूक आहे. पोटाचं आवरण चिडलं की ते वाढतं: ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये, मीसोथेलिओमात, टीबीत, अगदी लिव्हरच्या जलोदरातही. पाण्यातल्या पेशींवरून निदान बरेचदा हुकतं, कारण मीसोथेलिओमाच्या पेशी साध्या चिडलेल्या आवरणपेशींसारख्याच दिसू शकतात. आणि त्यांनी बोटांसारखे फुटवे काढले की थेट ओव्हरीच्या सिरस कॅन्सरचा (त्याचा नेहमीचा प्रकार) भास होतो. मी स्वतः फसलोय.

आयएचसीत त्याच ब्लॉकच्या (बायॉप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा) पातळ कापांवर अँटिबॉडी लावून पेशी कोणत्या कुळातली ते बघतात. एका मार्करवर विसंबू नका. मीसोथेलिअल बाजूचे किमान दोन आणि कार्सिनोमाचे किमान दोन हवेत. पहिल्या बाजूला कॅलरेटिनिन, डी२-४०. दुसऱ्या बाजूला पॅक्स-८, क्लॉडिन-४, बेर-ईपी४. डब्ल्यूटी-१ फुफ्फुसाच्या आवरणात कामाचा, इथे मात्र दगाबाज: ओव्हरीच्या सिरस कॅन्सरलाही तो पॉझिटिव्ह येतो. बॅप-१ (पेशीतलं एक प्रथिन) आवर्जून मागा. केंद्रकातून तो गेला असेल तर पारडं मीसोथेलिओमाकडे झुकतं. असला म्हणून मीसोथेलिओमा नाहीच, असं मात्र नाही.

नुसत्या स्लाइड्स नेऊ नका, ब्लॉक मागा. ॲस्बेस्टॉसचं म्हणाल तर पोटाच्या मीसोथेलिओमात, विशेषतः बायकांत, तो संबंध पुष्कळदा सापडतच नाही.

कळशी:
फरक पडतो, खूप पडतो. माझ्या नणंदेला ओव्हरी समजून सहा केमो दिल्या, पाणी हटेना, तेव्हा कुठे ब्लॉक पुन्हा तपासले. ओव्हरीला साधारण कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल देतात, मीसोथेलिओमाला पेमेट्रेक्सेड आणि सिसप्लॅटिन. शिवाय निवडक पेशंटना आवरणावरचा दिसेल तेवढा रोग काढून तिथेच पोटात गरम केमो फिरवतात, त्याला हायपेक म्हणतात. ते सगळ्यांना झेपत नाही. पोटाचे १३ भाग करून प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात, ३९ पैकी किती भरतात ते पाहतात. पेशींचा प्रकारही बघतात.

तपासायला तुकडा कमी पडून दुर्बिणीतून बायॉप्सी करायची वेळ आली, तर छिद्रं शक्यतो मध्यरेषेवर घेता येतील का विचारा. छिद्रात गाठ रुजते कधीकधी, आणि मध्यरेषेवरची जागा पुढच्या ऑपरेशनमध्ये काढून टाकता येते. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

जुनी काचपट्टी:
थांबण्याबद्दल राहिलं. आयएचसीसाठी काही दिवस थांबल्याने सहसा बिघडत नाही. पण उलट्या थांबत नसतील, शौच-वायू बंद असेल, ताप असेल, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा.

सावली७:
डॉक्टर जरा नाराज झाले, पण ब्लॉकसाठी चिठ्ठी दिली. सोमवारची केमो पुढे ढकलली.

सावली७: (नऊ दिवसांनी)
रिपोर्ट आला. कॅलरेटिनिन आणि डी२-४० पॉझिटिव्ह, पॅक्स-८, क्लॉडिन-४, बेर-ईपी४ निगेटिव्ह, बॅप-१ गेलेला. एपिथेलिओइड मीसोथेलिओमा. पोटाच्या आवरणाची ऑपरेशनं करणाऱ्या टीमची गुरुवारची वेळ मिळाली. काल आईला सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प बसली, मग चष्मा मागितला, रिपोर्ट वाचला आणि म्हणाली, "यात माझं वय ५१ छापलंय."

जुनी काचपट्टी:
तीन प्रकारांत एपिथेलिओइड त्यातल्या त्यात बरा. वयाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. ब्लॉकचा नंबर पहिल्या रिपोर्टशी जुळतो का बघा आणि गुरुवारच्या आत दुरुस्त प्रत घ्या.