इनोव्हाला १५ वर्षं होतायत: री-पासिंग करून ठेवावी की आता बदलावी?

आंबाघाट_पुणे

नमस्कार मंडळी, दोन महिने घरात हा एकच विषय चाललाय म्हणून शेवटी इथे धागा काढतोय. आमची इनोव्हा २.५ डिझेल, एप्रिल २०११ ची, एमएच १२, पहिले आणि एकमेव मालक माझे वडील. आजचं रीडिंग २ लाख ४८ हजार. येत्या एप्रिलमध्ये १५ वर्षं पूर्ण होतात आणि आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, संपते; ती आरटीओत गाडी दाखवून पुढे वाढवणं म्हणजे री-पासिंग. एप्रिलच्या आत ठरवायचंय.

गाडीने कधी रस्त्यात सोडलं नाही, एकदाही नाही, हे अगदी खरं सांगतो. गाव संगमेश्वर तालुक्यात. दरवर्षी गौरी-गणपतीला आठ माणसं घेऊन जाते, मे महिन्यात परत येताना मागची सीट दोन्ही बाजूंना वर उचलून बांधली की आंब्याच्या पेट्या, तांदळाचं पोतं, नारळ, दोन फणस आणि आईचा वॉकर सगळं बसतं. २०१४ च्या जुलैत बाबांना गावी असताना छातीत दुखायला लागलं, रात्री एकच्या सुमाराला साखरप्यावरून आंबा घाट चढून याच गाडीने कोल्हापूरला नेलं होतं, पाऊस असा की वायपर फुल स्पीडला असून समोरचं दिसत नव्हतं. बाबा आज ७४ चे आहेत आणि अजून दर रविवारी सकाळी गाडी स्वतः पुसतात. त्यामुळे मी नुसता आकड्यांचा हिशोब मांडला तरी तो नुसता आकड्यांचा राहत नाही.

तरी मांडतो. तीन वर्षांतला खर्च वहीत आहे: २०२३ ला क्लच प्लेट, प्रेशर प्लेट १९ हजार, २०२४ ला लोअर आर्म, बुश आणि चारही शॉकअब मिळून ३८ हजार, २०२५ ला एसीची कूलिंग कॉइल, दुसऱ्यांदा टायमिंग बेल्ट, बॅटरी धरून ३६ हजार. सर्व्हिसिंग वेगळं. म्हणजे सरासरी वर्षाला ४० हजार धरा. नवी घ्यायची तर कर्ज २० लाखांचं काढावं लागेल, ९ टक्क्यांनी ७ वर्षांचा हप्ता सुमारे ३२ हजार, तोही दर महिन्याला. रनिंग वर्षाला ९ हजार किमी, ॲव्हरेज साडेअकरा, म्हणजे डिझेल वर्षाला ७० हजारांचं. हायब्रिड घेतली आणि १७ चं ॲव्हरेज धरलं तर पेट्रोल ५५ हजारांचं, वाचले पंधराएक हजार. त्यात हप्ता कुठे निघतो?

बायकोचं म्हणणं वेगळंच आहे. तिला खर्चाशी देणंघेणं नाही, ती म्हणते आपल्या मॉडेलला एकही एअरबॅग नाही आणि मुलं ५ आणि ९ वर्षांची आहेत. यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून विचारतोय. कोणी १५ वर्षांनंतर पासिंग करून गाडी चालवतंय का, अनुभव सांगा.

गॅरेज_सांगली

दादा, २२ वर्षं हेच काम करतोय, तुमच्यासारखी दोन-अडीच लाख झालेली इनोव्हा महिन्याला चार-पाच तरी येतात माझ्याकडे. एक सांगतो, या गाडीचं इंजिन लवकर मरत नाही, पत्रा मरतो. आणि तुमची गाडी वर्षातून दोनदा कोकणात जाते, खारी हवा, वर पावसाचा चिखल, तो खाली बसून राहतो. तेव्हा बाकी चर्चा नंतर, आधी गाडी लिफ्टवर चढवा, रॅम्पवर नाही, लिफ्टवर, आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली उभे राहा. चेसिसच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, दोन्ही लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, बॉडी जिथे रबरावर बसते ते माउंट, मागच्या चाकाच्या वरची जागा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. टणटण वाजलं तर चांगलं, ढप्प वाजलं तर आत गंज आहे. आणि ताजा काळा रंग मारलेला दिसला तर तो खरवडून बघा, रंगाखाली बरंच काय काय लपतं.

ब्रेकचे लोखंडी पाइप बघा, हे लोक विसरतात. मागच्या ॲक्सलकडे जाणारा पाइप गंजून पातळ होतो आणि जेव्हा जोरात ब्रेक दाबाल तेव्हाच फुटतो, घाटात म्हणजे नेमका तिथेच. नवीन टाकायला फार पैसे लागत नाहीत.

इंजिनसाठी गरम इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते, पण धूर पिचकारीसारखा येत असेल तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या, प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगळ्या बाटलीत घेतात, चारही बाटल्यांत सारखं यायला पाहिजे. आणि टायर नुसता दिसायला चांगला आहे म्हणून सोडू नका, बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांच्या वरचा टायर घाटात आणि एक्स्प्रेसवेला मी माझ्या घरच्यांना देत नाही.

चेसिस चांगली निघाली तर गाडी अजून पाच वर्षं आरामात जाते. नसेल तर मात्र एक रुपया घालू नका.

स्वयंपाकघर_ते_स्टिअरिंग

मी मागच्या वर्षी आमच्या २०१० च्या गाडीचं री-पासिंग केलं, एजंट न घेता, तर सगळं सांगते. परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २५ भरायचा, आरसी संपायच्या आधी ६० दिवसांपासून भरता येतो, त्याआधी नाही. कागद म्हणजे आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, मालकाचं आयडी. जुनी चलनं सगळी आधी भरून टाका, कुठलं तरी दोनशे रुपयांचं चलन निघतंच. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते, कारला ७४५ अधिक जीएसटी, ती बसवल्याशिवाय जाऊच नका. नूतनीकरणाची फी कारला ५ हजार आहे, २०२२ च्या एप्रिलपासून वाढली, त्याआधी ६०० होती. त्यावर पर्यावरण कर वेगळा, तो पाच वर्षांचा एकदम घेतात आणि डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त बसतो, दर बदलत असतात त्यामुळे भरायच्या दिवशी पोर्टलवर दिसेल तोच आकडा धरा.

मग गाडी दाखवायला न्यायची. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, सीटबेल्ट सगळं चालू पाहिजे, चेसिस नंबर वाचता आला पाहिजे, आमचा गंजाने भरलेला होता तो आदल्या दिवशी डिझेल लावून साफ केला. पासिंग झालं की ५ वर्षांची आरसी मिळते. पुढचं पासिंग २० व्या वर्षी, तेव्हा फी १० हजार, हे ऑगस्ट २०२५ पासून लागू झालंय.

इन्शुरन्सचाही विचार करा. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला नुसता थर्ड पार्टीच ७,८९७ अधिक जीएसटी आहे आणि तुमची २४९४ सीसी. झिरो डेप, म्हणजे पार्टची झीज न कापता पूर्ण पैसे देणारा इन्शुरन्स, एवढ्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. म्हणजे उद्या कोणी ठोकलं तर प्लास्टिकचे आणि रबराचे अर्धे पैसे तुमचेच.

आणि हो, दिल्लीतला १० वर्षांच्या डिझेलचा नियम इथे लावू नका, आमच्या सोसायटीत तीन जणांनी त्या भीतीने गाड्या मातीमोल भावात विकल्या. महाराष्ट्रात वयावरून गाडी बंद होत नाही, पासिंग झालं की रस्त्यावर.

नेकार_काठ

मी श्टुटगार्टजवळ राहतो, १२ वर्षं झाली. इथे आमच्याकडे ऑक्टाव्हियाची मागे लांब डिकीवाली कोम्बी होती, २००९ ची, १.९ डिझेल, युरो ४ (युरोपातला धुराच्या प्रदूषणाचा नियम). तुमच्या गाडीसारखीच, कधी त्रास नाही, भारतातून आईवडील आले की पाच माणसं आणि सहा बॅगा. दर दोन वर्षांनी इथे तपासणी असते, त्यात गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघतातच, वरच्या गॅरेजवाल्या काकांनी जे सांगितलं तेच सगळं, आणि आमची दरवेळी पास झाली. पण २०१९ पासून शहरात युरो ४ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना बंदी आली. चांगली चालती गाडी विकावी लागली, डोळ्यात पाणी आलं माझ्या बायकोच्या.

हे सांगायचं कारण, पुण्यात २०१० च्या एप्रिलपासून बीएस४, म्हणजे आपल्याकडचा तसाच नियम, लागू झाला होता म्हणजे तुमची २०११ ची गाडी बहुतेक बीएस४, जवळजवळ युरो ४ च. नियम तुम्हाला अजून ढकलत नाहीयेत. म्हणजे घाईने नाही, नीट बघून ठरवायला वेळ आहे तुमच्याकडे, आम्हाला तो नव्हता.

सह्यकडा

मला वेगळं म्हणायचंय आणि जरा स्पष्ट म्हणतो, राग मानू नका. तुम्ही हप्ता आणि दुरुस्ती यांची तुलना करताय, त्यात जुनी गाडी कायमच जिंकणार, २० वर्षांची झाली तरी जिंकेल. गाडी दगा देत नाही हे खरं, पण तो दगा म्हणजे बंद पडणं. दुसऱ्याचा ट्रक लेन सोडून अंगावर आला तर गाडी किती इमानदार आहे याचा काही उपयोग नाही.

माझ्या मावसभावाचा २०१७ ला एक्स्प्रेसवेवर अपघात झाला, मागचा टायर फुटला आणि गाडी डिव्हायडरवर गेली, जुनी मोठी सात सीटर, एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक न होऊ देणारी यंत्रणा) नाही. तो स्वतः वाचला, छाती स्टिअरिंगवर आपटून चार बरगड्या गेल्या. शेजारी बसलेली वहिनी आठ महिने अंथरुणाला होती. गाडीचं मेंटेनन्स उत्तम होतं, हो, तुमच्यासारखंच वहीत लिहिलेलं.

एअरबॅग नंतर बसवता येत नाही. ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ च्या जुलैपासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१ अखेरपासून, एबीएस २०१९ पासून, म्हणजे २०११ ची गाडी या सगळ्याच्या आधीची आहे. तुमच्या मधल्या सीटवर मध्ये बसणाऱ्या मुलाला नुसता कमरेचा पट्टा असेल, जोरात ब्रेक लागला की तो पोटात रुततो. निदान एवढं आजच करा, दोन्ही मुलं खिडकीशी, तीन पॉइंटच्या बेल्टला, आणि धाकट्याला बूस्टर सीट.

आणि बदलायची म्हणजे २५-३० लाखांचीच नवी असं कोणी सांगितलं? इनोव्हाचंच पुढचं मॉडेल क्रिस्टा २०१६ ला आलं, तीही चेसिसवरचीच, मागच्या चाकांवर ओढणारी, घाटात तुम्हाला सवयीची वाटेल, आणि पहिल्यापासून सगळ्या व्हेरिएंटला पुढे दोन एअरबॅग आणि एबीएस. २०१८-१९ ची, एका मालकाची, खाजगी नंबरची शोधा. फक्त टुरिस्टमधून काढून पांढऱ्या पाटीवर (खाजगी नंबरवर) आणलेली गळ्यात पडणार नाही हे बघा, आरसीवर पहिली नोंद काय होती ते तपासा आणि सर्व्हिस रेकॉर्ड शिवाय किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. बीएस६ (२०२० पासूनचा नियम) डिझेल घेणार असाल तर त्याला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो, रोज तीन किलोमीटर शाळा-भाजी एवढंच चालवलं तर तो चोक होतो. तुमचं रनिंग बघता बीएस४ क्रिस्टा बरी.

गॅरेज_सांगली

सह्यकडांशी सहमत. मी फक्त गाडी चालेल का ते सांगितलं होतं. अजून एक, विकायची ठरवली तरी आधी पासिंग करा. आरसी संपलेली गाडी घेणारा पाडून मागतो, पाच वर्षं हातात असलेल्या इनोव्हाला कोल्हापूर-सांगलीकडे अजून गिऱ्हाईक उभं असतं.

आंबाघाट_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय कारण मधे बरंच काही केलं.

गाडी लिफ्टवर घेतली. चेसिसच्या लांब पट्ट्या टणटणीत आहेत. उजव्या मागच्या चाकाजवळच्या क्रॉस मेंबरला मात्र हाताच्या पंजाएवढा गंज निघाला, वरून काहीच कळत नव्हतं. ब्रेक पाइप दोन्ही बदलले, काढलेला पाइप हातात धरून वाकवला तर मोडला, तो बघून अंगावर काटा आला, मागच्याच गणपतीत आठ जण याच पाइपावर घाट उतरलो होतो. टायर २०१८ चे, चारही नवीन टाकले. इंजेक्टर चारही सारखे, इंजिन उत्तम.

सह्यकडा, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाले की मुलांसाठी दुसरी बघायला लागू. मला वाटत होतं त्यांना समजवायला लागेल, खरं तर मीच तयार नव्हतो. वहीतले आकडे मी आम्हा दोघांना पटवायला लिहीत होतो, बायकोला उत्तर द्यायला नाही.

तर असं ठरलंय. क्रॉस मेंबरचं काम करून मार्चमध्ये पासिंग करायचं, फॉर्म भरलाय. गणपतीच्या आत २०१८-१९ ची खाजगी क्रिस्टा शोधायची, ९-१० लाखांवर कर्ज जाऊ द्यायचं नाही, बाकी पैसे ही विकून आणि साठवलेल्यातून. मुलं तोपर्यंत खिडकीशीच बसतील, बूस्टर आणलाय. मे मध्ये आंब्याला एकदा जाणार, पण मुलं आणि बायको ट्रेनने संगमेश्वरला उतरतील, गाडीत मी, आई आणि बाबा. बाबांनी एकच मागितलंय, येताना कुंभार्लीने नाही, आंबा घाटानेच यायचं, आणि दिवसा.

पुण्यात चेसिसचं वेल्डिंग नीट करणारा, म्हणजे वरून पट्टी न मारता गंजलेला भाग कापून काढणारा कोणी माहीत असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा, पुढच्या आठवड्यात गाडी टाकायची आहे.