नव्या टाकीत निऑन टेट्रा का दगावतात

तुम्ही रविवारी माशांची नवी टाकी भरली, संध्याकाळी १० निऑन टेट्रा (निळ्या पट्ट्याचे छोटे शोभेचे मासे) सोडले आणि बुधवारपर्यंत ४ गेले, हे तुमच्या प्रश्नात वाचून फार वाईट वाटलं. दुकानदाराने दिलेलं औषध कृपया टाकू नका, आधी पाण्याकडे बघा. माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया संपवणारे जिवाणू नव्या टाकीत नसतातच; ते वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. आमच्या नेरुळच्या घरीही पहिल्या खेपेला हेच झालं. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते, निळा पट्टा विझल्यासारखा. (रात्री अंधारात तो फिका पडतोच, त्याने घाबरू नका.)

सध्या रोज पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन काढूनच. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा.

आणि आपला उन्हाळा! निऑन ॲमेझॉन खोऱ्यातल्या सावलीच्या पाण्यातला, त्याला २२ ते २६ अंश मानवतं. माझ्याकडे मे महिन्यात दुपारी ३१ व्हायचं. काचेचं झाकण काढून जाळी टाकली, पाण्यावर छोटा पंखा सोडला, तेव्हा कुठे २८ वर आलं.

उरलेल्या ६ जणांना जपा. नवे इतक्यात आणू नका.