झँथिन ऑक्सिडेजला मराठीत काय म्हणावं?

फावल्यावेळी:
गाऊटच्या (यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या दुखण्याच्या) रुग्णांसाठी असलेल्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. वाक्य साधंच आहे: 'ही गोळी झँथिन ऑक्सिडेजचं काम रोखते.' हे एक एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन; मराठीत एन्झाइमला विकर किंवा वितंचक म्हणतात. आतापर्यंत तीन पर्याय झालेत: 'झँथिन ऑक्सिडेज हे विकर', 'झँथिन-ऑक्सिडीकारक वितंचक' आणि (हसू नका) 'पीतप्राणिलक'. तिसरा मीच पाडलाय. ग्रीकमध्ये झँथोस म्हणजे पिवळा, म्हणून पीत. बाबांना वाचून दाखवलं. त्यांचा पायाचा अंगठा सुजून लालबुंद झालाय, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. ऐकून म्हणाले, "म्हणजे वर कावीळपण झालीय का मला?" मंडळी, सुचवा काहीतरी.

ताकपिठ्या:
ताई, आधी ते 'पीत' काढा. झँथिन पिवळं नसतंच, पांढरं असतं. लंडनच्या मार्सेट नावाच्या डॉक्टरांना १८१७ च्या सुमारास ते मूतखड्यात सापडलं. नायट्रिक आम्लात टाकून आटवलं की तळाला पिवळा थर राहतो, त्यावरून ते नाव. नाव परीक्षेच्या रंगाचं, पदार्थाचं नव्हे.

झँथिन ज्यातलं, त्या प्यूरीन नावाच्या रसायनांच्या घराण्यातली नावं अशीच पडलीत. ग्वानिन आलं ग्वानोवरून, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेवरून. ॲडेनिन ग्रंथीवरून. 'प्यूरीन' हा शब्द एमिल फिशरने लॅटिनमधल्या 'शुद्ध' आणि 'यूरिक' यांची मोट बांधून केला. अर्थ बघून भाषांतर करायचं तर ग्वानिनला 'विष्ठिन' म्हणावं लागेल. आहे तयारी?

विकर की वितंचक, यात मी वितंचकाच्या बाजूचा. विकर पाठ्यपुस्तकांत रुळलाय, मान्य. पण रुग्णाच्या कागदावर 'या विकरामुळे होणारा विकार' असं छापून आलं की वाचणारा मुद्रणदोष समजतो. उलट वितंचकात 'तञ्च्' धातू आहे. संस्कृतात आतञ्चन म्हणजे विरजण. एन्झाइमचा ग्रीक अर्थ 'यीस्टमधलं'. त्यांचं पीठ फुगतं, आपलं दूध लागतं.

परीक्षानळी:
विरजणावरून आठवलं. हे एन्झाइम गाईच्या कच्च्या दुधात भरपूर असतं. शार्डिंगरने १९०२ मध्ये दाखवलेली परीक्षा आम्ही कॉलेजात केली होती. दोन नळ्या, एकीत कच्चं दूध, दुसरीत उकळून गार केलेलं. दोन्हींत मेथिलीन ब्लू आणि थोडं फॉर्मालिन घालून कोमट पाण्यात ठेवायच्या. थोड्या वेळाने कच्च्या दुधाचा निळा रंग उतरतो आणि वर, हवेला लागून, तेवढी एक निळी कड राहते. उकळलेलं दूध निळंच्या निळं, कारण उकळताना एन्झाइम मेलेलं असतं. दूध तापवलंय की नाही हे याच युक्तीने तपासत.

पण ताई, तुमची खरी अडचण नामाची नाही, क्रियापदाची आहे. शरीरात प्यूरीन मोडताना हायपोझँथिन तयार होतं. त्याचं झँथिन आणि झँथिनचं यूरिक ॲसिड, दोन्ही पायऱ्या हे एकटंच करतं. बहुतेक सस्तन प्राणी यूरिक ॲसिड आणखी मोडतात, माणसाचं ते एन्झाइम उत्क्रांतीत निकामी झालंय. म्हणून रक्तात दर डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की सुईसारखे स्फटिक धरू शकतात. बाबांच्या अंगठ्यात तेच टोचतायत.

आता 'रोखते'. तुमच्या गोळीतलं औषध, ॲलोप्युरिनॉल, दिसायला हायपोझँथिनसारखंच. एन्झाइम फसतं, त्यालाही ऑक्सिजन जोडतं आणि तयार झालेलं ऑक्सिप्युरिनॉल त्याच्यातल्या मॉलिब्डेनम या धातूपाशीच रुतून बसतं. घास घशात अडकावा तसं. मी 'जखडून ठेवते' लिहीन.

जाता जाता: हे औषध गाऊटसाठी शोधलंच नव्हतं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज ल्युकेमियावरच्या (रक्ताच्या कर्करोगावरच्या) मर्कॅप्टोप्यूरीन या औषधाच्या मागे होते. हेच एन्झाइम ते औषध मोडून टाकायचं, म्हणून त्याला अडवायला काहीतरी हवं होतं. दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. तुमच्या पत्रकात हे नको, पण याचीच दुसरी बाजू मात्र ठळक छापा. अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) किंवा मर्कॅप्टोप्यूरीन घेणाऱ्याने डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ॲलोप्युरिनॉल सुरू करू नये. नाहीतर आधीचं ते औषध न मोडता अंगात साठतं आणि रक्तपेशी धोकादायक कमी होतात.

फावल्यावेळी:
आणि गाऊटला काय? शेजारच्या काकू 'संधिवात' म्हणतात.

ताकपिठ्या:
संधिवात म्हटलं की गुडघे धरलेल्या आजी डोळ्यांपुढे येतात. सगळ्याच सांध्यांच्या दुखण्याची ती गोणी आहे. आयुर्वेदातलं 'वातरक्त' जवळचं: पायापासून सुरू होतं आणि उंदराच्या विषासारखं अंगभर पसरतं, असं वर्णन आहे. तरी दोन्ही एकच असं छापू नका. 'गाऊट (वातरक्त)' एकदा लिहा, पुढे गाऊट. तसं पाहिलं तर गाऊटचा मूळ अर्थही नुसता 'थेंब' आहे. दूषित द्रव सांध्यात ठिबकतो अशी जुनी समजूत होती.

फावल्यावेळी:
मग हे बघा: 'आपल्या शरीरात यूरिक ॲसिड तयार करणारं एक एन्झाइम असतं. ही गोळी त्याला जखडून ठेवते, त्यामुळे यूरिक ॲसिड कमी तयार होतं. अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.' झँथिन ऑक्सिडेज हे नाव तळटीपेत. वितंचक गाळलं, माफ करा.

एक घोळ राहिलाय. 'प्यूरीन कमी खा, म्हणजे कलेजी, तारली, बिअर टाळा' असं टाइप केलं, तर फोनने 'पुरण कमी खा' करून टाकलं. बाबांनी ते वाचलं आणि पाडव्यापर्यंत गोळी सुरू करायची नाही म्हणून बसलेत.

परीक्षानळी:
फोन अगदीच चुकला नाही हो. साखरेतल्या फ्रुक्टोजनेही यूरिक ॲसिड वाढतं. डाळीला मात्र उगाच बदनाम करू नका. एक पोळी चालेल म्हणावं, तूप घालून.