शब्दचर्चा: 'धार्मिक शिक्षण' म्हणजे नेमकं काय?

पालक_सभासद
आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे "शाळेत धार्मिक शिक्षण देऊ नये" असा ठराव आला आहे. रोख परिपाठात रोज म्हटल्या जाणाऱ्या एका स्तोत्रावर आहे. पण एका सदस्याने लगेच विचारलं, मग इतिहासातले बसवेश्वर, गुरू नानक आणि सूफी संतही वगळायचे का? तिथेच गाडी अडली. कायद्यात या शब्दाचा अर्थ काय आणि ठरावात कोणता शब्द घालावा?

अनुस्वार
शब्द राज्यघटनेच्या मराठी पाठातला आहे. अनुच्छेद २८(१) नुसार जी शैक्षणिक संस्था पूर्णपणे राज्याच्या पैशातून चालते, तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. मूळ इंग्रजीत 'एज्युकेशन' नाही, 'इन्स्ट्रक्शन' आहे. मराठीत दोन्हींना आपण 'शिक्षण'च म्हणतो, म्हणून तुमच्या बैठकीत झाला तसा गोंधळ होतो.

७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हीच शंका निघाली होती. संस्कृत पाठशाळांत वेद, गीता, उपनिषदं शिकवतात, त्यांचं काय? बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा: धार्मिक शिक्षण निराळं, अभ्यास आणि संशोधन निराळं. देव एकच आहे, पैगंबर हे अखेरचे प्रेषित आहेत, असं मानायला शिकवणं हे धार्मिक शिक्षण. त्यासाठी त्यांनी 'डॉग्मा' हा शब्द वापरला आणि डॉग्मा म्हणजे अभ्यास नव्हे, हे स्पष्ट केलं. पंच्याहत्तर वर्षं उलटली, तरी याहून स्वच्छ फोड माझ्या वाचनात नाही.

पुढे १९७१ मध्ये डी.ए.व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा धरला. गुरू नानकांचं जीवन आणि शिकवण यांचा विद्यापीठात अभ्यास करणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. पंथाची तत्त्वं, विधी, उपासनापद्धती मनावर बिंबवणं म्हणजे धार्मिक शिक्षण. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यातही, धर्मांविषयी माहिती देण्याला अनुच्छेद २८ आड येत नाही, असाच निर्वाळा मिळाला. तेव्हा बसवेश्वर आणि नानक वर्गातच राहू द्या.

खडूफळा
मी प्राथमिकला शिकवते. मला 'धर्मोपदेश' आणि 'धर्मपरिचय' ही जोडी सोयीची वाटते. वर्गात क्रियापदाकडे लक्ष दिलं तरी फरक कळतो. "मुसलमान दिवसातून पाच वेळा नमाज पढतात", "वारकरी आषाढीला पंढरपूरला जातात", ही वाक्यं परिचयाची. "चला, सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडा" म्हटलं की मी मुलांना काही सांगत नसते, त्यांच्याकडून करवून घेत असते. आणि सात वर्षांचं पोर बाईंना नाही म्हणू शकत नाही. ते शेजारच्याकडे बघतं आणि हात जोडतं. मला याचंच फार वाटतं.

नाशिककर
हात जोडण्यावरून आमच्याकडचंच प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नसत. त्यावरून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की अशी सक्ती मूलभूत हक्काच्या आड येते.

इथे 'आदर' आणि 'सहभाग' हे शब्दही वेगळे ठेवायला हवेत. केरळमधल्या बिजो इमॅन्युएल खटल्यात यहोवा साक्षीदार पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहत, पण गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. नीट उभं राहण्यात मान राखला गेला, गायलाच पाहिजे असा कायदा नाही, असं न्यायालय म्हणालं.

अनुस्वार
'धर्म' हा शब्दसुद्धा सरळ नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हा न्यायालयाच्याच 'यतो धर्मस्ततो जयः' या बोधवाक्याचा दाखला सरकारी बाजूने दिला. तिथला धर्म म्हणजे न्याय, कर्तव्य. शेजारधर्म, राजधर्म यांतही तोच अर्थ आहे. पण प्रार्थनेतल्या ओळी उपनिषदांतल्या, म्हणून प्रश्न सुटला नाही आणि २०१९ मध्ये तो मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. म्हणून ठरावात नुसतं 'धर्म' लिहू नका, 'विशिष्ट धर्माची उपासना' लिहा.

पालक_सभासद
सर्वांचे आभार. असा मसुदा केला आहे: "शाळेत कोणत्याही धर्माचा उपदेश केला जाणार नाही. सर्व धर्मांचा परिचय अभ्यासक्रमानुसार राहील. परिपाठातील प्रार्थनेबाबत ज्या पालकांची हरकत असेल त्यांनी मुख्याध्यापकांना कळवावे."

अनुस्वार
पहिली दोन वाक्यं चोख आहेत. तिसऱ्यातला 'हरकत' काढा. अनुच्छेद २८(३) मान्यताप्राप्त आणि अनुदानित संस्थांबद्दल आहे. तिथेसुद्धा धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत कोणाला सामील करायचं तर 'संमती' लागते, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाची. हरकत न घेणं म्हणजे संमती देणं नव्हे. गावात एकट्या घराने मुख्याध्यापकांकडे हरकत नोंदवायला जाणं किती जड असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय तुमची शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते. तिथे सगळ्या पालकांनी संमती दिली तरी २८(१) मधली धर्मोपदेशाची मनाई उठत नाही.