मदत हवी आहे: 1967ची एमजीबी मार्क वन (पहिली आवृत्ती) की मार्क टू (दुसरी)?

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये एक एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) विकत घ्यायचा विचार आहे. नंबर प्लेटच्या शेवटी ‘एफ’ आणि नोंदणी 1967ची, म्हणून विकणारा तिला मार्क टू म्हणतो. इंजिन नंबर 18जीबीने सुरू होतो. बॅटरी चार्ज करायला डायनामो आहे, पण बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलंय. नेमकी कुठली समजायची? आणि आजचा रेडिओ चालेल का?

प्रतिसाद 1
‘एफ’ अक्षर ऑगस्ट 1967पासूनचं. मार्क टू आली त्या वर्षाच्या अखेरीस. त्यामुळे ॲबिंग्डनच्या कारखान्यातून आधीच निघालेली मार्क वनही ‘एफ’वर नोंदलेली असू शकते. 18जीबी म्हणजे पाच मेन बेअरिंगचं (क्रँकशाफ्टला पाच ठिकाणी आधार असलेलं) मार्क वनचं इंजिन, मार्क टूला 18जीडी. पण इंजिन बदलता येतं, डायनामोही. बॉनेटखालची चासी प्लेट वाचा: एचएन3 असेल तर मार्क वन, एचएन4 असेल तर मार्क टू. प्लेटही नंतर लावलेली असू शकते, म्हणून गिअरबॉक्सवरचा बोगदा (दोन सीटमधला फरशीचा उंचवटा) बघाच. मार्क टूला पहिल्या गिअरलाही सिंक्रो (गिअर करकर न होता पडावा म्हणून असलेली यंत्रणा) आला, गिअरबॉक्स मोठा झाला आणि बोगदा रुंद करावा लागला. तो बॉडीलाच वेल्ड केलेला असतो, सहज बदलत नाही.

प्रतिसाद 2
मार्क वन कारखान्यातून पॉझिटिव्ह अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली यायची. इथे कुणीतरी अर्थिंग बदललंय, ते नीट बदललंय का ते तपासा. इग्निशन कॉइलवर + आणि − खुणा असतील तर डिस्ट्रिब्युटरची वायर − वर हवी. उलटी असली तरी गाडी सुरू होते, पण ठिणगी कमजोर पडते. डायनामोची ध्रुवता बदलायला त्याच्या एफ टर्मिनलवरची वायर काढायची आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून आणलेली वायर तिथे दोन-तीनदा क्षणभर टेकवायची. हे राहिलं तर रेग्युलेटरमधल्या कटआउटचे (डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळतात. इलेक्ट्रॉनिक रेव्ह काउंटरला (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याला) मात्र आतून बदल लागतो. सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, दोन्हींचे व्होल्ट मोजा. हे सगळं ठीक असेल तर आजचा रेडिओ चालेल.

प्रश्नकर्ता
प्लेटवर एचएन3 आहे, बोगदा अरुंद. पहिला गिअर चालत्या गाडीत करकरतो.

प्रतिसाद 1
मग मार्क वनच, शेवटच्या महिन्यांतली. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, त्यामुळे करकर हा बिघाड नव्हे. गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा, त्यात बांधणीची तारीख, मूळ रंग आणि मूळ इंजिन नंबर मिळतो. पैसे देण्याआधी सिल (दाराखालची बॉडीची पट्टी) खालून ठोकून बघा. या गाडीला वेगळी चासी नाही, सिल गंजली की बॉडीचा कणाच गेला.